कुसैसचं टायपिंग सेंटर: पाचपैकी चार तारे

पाचवा तारा पार्किंगपायी कापला असं लिहिणार होते. पण दुबईच्या या कुसैस भागात पार्किंग कुणाकडेच नाही, त्याची शिक्षा एकट्या दुकानाला कशाला? तारा कापलाय तो पावतीमुळे. तिच्याकडे येतेच.

दुकानाचं नाव देत नाही. मागे बिल्डिंगच्या ग्रुपवर ब्लाउज शिवणाऱ्या बाईंचा नंबर टाकला, तर दिवाळीला त्यांनी माझेच ब्लाउज लटकवले. ज्यांना खरंच गरज आहे त्यांनी कुसैसमधल्या कुठल्याही मराठी किंवा मल्याळी घरात विचारावं. 'पट्टीवाले इक्का' म्हटलं की पत्ता मिळतो. खाली ग्रोसरी, शेजारी करक चहाचं कॅफेटेरिया आणि मध्ये काचेचं दार, त्यावर निम्मी सोललेली अक्षरं. एसी इतका गार की ऑगस्टमध्येही ओढणी गुंडाळून बसावं लागतं.

मी मूळची सावंतवाडीची. दुबईत एका एमईपी कंत्राटदाराकडे, म्हणजे इमारतींचं एसी, प्लंबिंग, वायरिंग करणाऱ्या कंपनीत ॲडमिन सांभाळते. कंपनीचा मंदूब आहे, सरकारी कचेऱ्यांत तो जातो. पण त्याच्या हातात पडणारी फाइल आधी माझ्या टेबलावर तयार होते. माझा व्हिसा कंपनीचा, नवऱ्याचा त्याच्या कंपनीचा आणि मुलगा नवऱ्याच्या स्पॉन्सरशिपवर. खासगी नोकरीतला रेसिडेन्स व्हिसा दोन वर्षांचा, त्यामुळे घरात एकाचं आटपतं तोवर दुसऱ्याचं येतं, आणि कंपनीत तर बाराही महिने कुणाचं ना कुणाचं चालूच असतं. तेव्हा एकदा जाऊन आलेल्या गिऱ्हाइकाचं हे मत नाही.

गावाकडच्या मंडळींसाठी थोडं सांगते. इथले सरकारी अर्ज पूर्वी अरबीत टाइप करून द्यावे लागायचे. अरबी टाइप करणारे लोक बसवून कचेऱ्यांच्या आजूबाजूला दुकानं निघाली, तीच ही टायपिंग सेंटरं. आता सगळं संगणकावर गेलं. दुबईत रेसिडेन्सीची फाइल 'आमेर' सेंटरमधून जाते, लेबरची कामं 'तसहील'मधून, आणि बरंचसं फोनवरच्या ॲपमधूनही होतं. २०२२ पासून पासपोर्टात व्हिसाचं गुलाबी स्टिकर लावणंही बंद झालं. एमिरेट्स आयडी, म्हणजे इथलं सरकारी ओळखपत्र, हाच रहिवासाचा पुरावा. तरी लोक अजून 'स्टॅम्पिंग झालं का?' असंच विचारतात. एवढं बदलूनही टायपिंगवाले टिकून आहेत, आणि आमचे इक्का का टिकले हे मला चांगलं ठाऊक आहे. टायपिंग तर त्यांचा भाचा करतो. इक्का कागद वाचतात.

इक्का म्हणजे मलबारकडच्या मुसलमानांतलं 'मोठे भाऊ'. त्यांचं खरं नाव मला माहीत आहे, पण त्या नावाने त्यांना कुणीच हाक मारत नाही. साठीचे असतील. गळ्यात दोरीचा चष्मा आणि हातात कायम सहा इंची स्टीलची पट्टी. फाइल पुढे ठेवली की पहिल्यांदा पासपोर्ट उघडतात आणि वरच्या नावाकडे न बघता थेट तळाशी जातात. फोटोच्या पानावर खाली बाणाच्या टोकांसारख्या चिन्हांनी भरलेल्या दोन ओळी असतात ना, त्यांच्याखाली पट्टी धरतात आणि अक्षर अक्षर पुढे सरकतात. म्हणतात, मशीन तेवढंच वाचतं, वरचं तुमच्यासाठी छापलंय. मग मुदत बघतात. पासपोर्टला सहा महिने शिल्लक नसतील तर फाइल तिथेच बंद करून परत. 'पहले पासपोर्ट, फिर मेरे पास.' मग जन्मतारीख, आईचं नाव आणि शेवटच्या पानावरचं नवऱ्याचं किंवा बायकोचं नाव. हे सगळं होईपर्यंत भाच्याने कीबोर्डला हात लावायचा नाही, असा तिथला दंडक आहे.

आमच्याकडे खेड तालुक्यातला एक फोरमन आहे. पगार वाढला तशी त्याने बायको आणि मुलीला आणायची ठरवली. नियमाप्रमाणे कुटुंब आणायला महिना ४००० दिरहम पगार लागतो, किंवा ३००० आणि राहायची सोय. कामगारांच्या कॅम्पमधल्या खोलीत बायकोमुलीला ठेवता येत नाही, त्यामुळे त्याने आधी अल नाहदामध्ये एक छोटा स्टुडिओ घेतला आणि भाडेकराराची इजारी, म्हणजे सरकारी नोंदणी, स्वतःच्या नावाने करून घेतली. लग्नाचा दाखला गावाहून आला. ग्रामपंचायतीचा, शिक्का सही सगळं ठाकठीक. अटेस्टेशनला, म्हणजे कागद खरा असल्याचे सरकारी शिक्के घ्यायला, पाठवायच्या आधी एकदा दाखवून ठेवू म्हणून मी त्याला इक्कांकडे घेऊन गेले.

इक्कांनी दाखला पासपोर्टच्या शेजारी ठेवला आणि पट्टी दोन्हींवर आडवी धरली. दाखल्यावर बायकोचं माहेरचं नाव, वडिलांचं नाव, माहेरचं आडनाव. पासपोर्टवर सासरचं नाव, नवऱ्याचं नाव, सासरचं आडनाव. तिन्हीच्या तिन्ही वेगळी. आपल्याकडे तांदळात अंगठीने नाव लिहून मुलीचं पाळण्यातलं नावसुद्धा बदलतात हे केरळातल्या माणसाला कुठून माहीत असणार, असं मला वाटलं होतं. पण इक्का माझ्याकडे न बघताच म्हणाले, 'मराठा केस.' कोल्हापूर, रत्नागिरी, सातारा इकडच्या बायकांचं हे नेहमीचंच, त्यांनी कितीतरी पाहिलंय. फोरमन म्हणाला, 'अहो, पण ती तीच आहे, आख्खा गाव सांगेल.' इक्का शांतपणे म्हणाले, 'गाँव को सिस्टम में अपलोड नहीं कर सकते.'

मग मुलीचा जन्मदाखला. त्यावर आईबापाची नावं, तारीख, ठिकाण सगळं, फक्त बाळाच्या नावाचा रकाना कोरा! हेही आपल्याकडचंच. दवाखान्यातून नोंद लगेच जाते, बारसं नंतर होतं, आणि नाव घालून घ्यायला परत कोण जातंय. शाळेत घालताना कुणीतरी आठवण केली तर केली. तो कोरा रकाना फोरमनने पाहिला नव्हता, त्याच्या भावाने पाहिला नव्हता, ग्रामसेवकाने तर मुळीच नाही.

इक्कांनी एका कागदाच्या मागे क्रम लिहून दिला. बायकोच्या नावबदलाची राजपत्रात नोंद, मुलीचं नाव घातलेला नवा जन्मदाखला, मग लग्नाच्या दाखल्यासकट तिन्ही कागद एकदमच राज्य सरकारकडे, तिथून परराष्ट्र मंत्रालय, मग यूएईची वकिलात आणि शेवटी इथे मोफाचा, म्हणजे यूएईच्या परराष्ट्र मंत्रालयाचा शिक्का, त्याचे कागदामागे १५० दिरहम. यूएई अपॉस्टिल, म्हणजे एकाच शिक्क्यावर कागद परदेशात चालवायची पद्धत, मानत नाही, म्हणून ही सगळी उतरंड चढावीच लागते. त्यात एक कागद मागे राहिला की तेवढ्यासाठी सगळी साखळी पहिल्यापासून. या सल्ल्याचे इक्कांनी काय घेतले? काही नाही. चहा उलट त्यांनीच मागवला. फाइल तयार होऊन आली तेव्हा टायपिंगचे नेहमीचे पैसे घेतले. फोरमनची मुलगी आता इथल्या शाळेत जाते.

अटेस्टेशन करून देणारे एजंट मुंबईत गल्लोगल्ली आहेत. आमच्या एका सुपरवायझरने असाच एक गाठला होता. त्याने विसंगत नावांचा दाखला तसाच्या तसा सगळ्या टेबलांवरून फिरवून, सगळे शिक्के मारून, व्यवस्थित लॅमिनेट करून पाठवला. हो, लॅमिनेट! शिक्का मारायचा राहिला असता तर आता प्लॅस्टिकवर मारायचा का? पैसे पूर्ण घेतले आणि काम म्हणाल तर त्याने त्याला सांगितलेलं काम केलंही. नावं जुळतात का हे बघणं त्याच्या दरात नव्हतं. इक्कांच्या दरात ते आहे, आणि माझ्या मते तिथे मोजलेले पैसे त्याचेच आहेत.

आता पैशांचं. एमिरेट्स आयडीची फी वर्षाला १०० दिरहम, वर सेवा शुल्क. मेडिकल, रेसिडेन्सी, विमा हे वेगवेगळं. सरकारी फी सगळीकडे सारखीच, फरक पडतो तो सेंटरच्या स्वतःच्या आकारात. इक्का माणशी शंभर-सव्वाशे लावतात, गठ्ठ्याने फायली असल्या तर कमी. मॉलमधल्या एका चकाचक सेंटरमध्ये मी याच कामाचे बरेच जास्त मोजले आहेत. तिथे कॉफी चांगली होती आणि टोकनचा आवाज मंजूळ होता. फॉर्म भरणाऱ्या मुलीने माझा पासपोर्ट स्कॅनरवर ठेवला, 'सबमिट करू?' विचारलं आणि केलं. कागदाकडे तिने पाहिलंच नाही. माझे कागद सरळ होते म्हणून निभावलं.

आणि हो, 'व्हीआयपी'. मेडिकलला साधं, ४८ तास, २४ तास, व्हीआयपी असे प्रकार असतात आणि प्रत्येक पायरीला खिशाला चाट. त्या चकाचक सेंटरने व्हीआयपी लावूनच टाकलं होतं, विचारलं तेव्हा 'सगळे हेच घेतात' म्हणाले. इक्का उलटं विचारतात: 'क्यों चाहिए अर्जंट? टिकट है?' तिकीट नसेल तर साधंच टाइप करतात. स्मार्ट सालेमसारखी झटपट केंद्रं आहेत, कामाचा दिवस बुडवायचा नसेल तर ती उत्तमच, मी स्वतः तिथेच जाते. पण फिटर-हेल्परच्या नावावर ते लावून कंपनीकडून जास्तीचे उकळणारे लोक मी पाहिलेत.

मेडिकलचा विषय निघालाच आहे तर एक सांगते. आमची पोरं पहाटे बसने मुहैस्नाच्या तपासणी केंद्रात जातात. रक्त आणि छातीचा एक्सरे. रक्ताला कुणी घाबरत नाही, पण एक्सरेला भलेभले घाबरतात. कधीकाळी टीबी होऊन गेलेला, फुप्फुसावर जुना डाग राहिलेला, मग थुंकीची तपासणी मागे लागते आणि निकाल येईस्तोवर तो माणूस जेवत नाही. अशा वेळी व्हॉट्सॲपवर 'पेंडिंग' हा एक शब्द पाठवून मोकळी होणारी सेंटरं आहेत. इक्का त्याला बोलावून घेतात, बसवतात, पुढे काय काय होईल ते हिंदीत सांगतात, उगाच धीर देत नाहीत आणि घाबरवतही नाहीत. अठरा वर्षांखालच्या मुलांना मेडिकल नसतं, हेही दर वेळी कुठल्या तरी आईला सांगावं लागतं. ती बिचारी मुलाला सकाळपासून उपाशी ठेवून आलेली असते. उपाशी राहायची गरज मोठ्यांनासुद्धा नाही.

तर पावती. इक्कांची पावती म्हणजे कार्बन लावलेल्या वहीतली चिठ्ठी. तिच्यावर 'व्हिसा + आयडी + टायपिंग' आणि पुढे एक एकूण आकडा. सरकारी फी किती, स्वतःची किती, काही कळत नाही. इथे २०१८ पासून ५ टक्के व्हॅट आहे आणि तो सेंटरच्या सेवेवर लागतो, सरकारी फीवर नाही. चिठ्ठीत दोन्ही एकत्र कालवलं की व्हॅट कशावर धरला हे ब्रह्मदेवही सांगू शकणार नाही. आमचा अकाउंटंट अशी चिठ्ठी आली की माझ्याकडे बघून नुसता हसतो, आणि ते हसू मला आवडत नाही. मागितलं की प्रत्येक सरकारी व्यवहाराची पीडीएफ पावती मिळते, लबाडी काहीच नाही, मी पडताळून बघितलंय. पण मागावी लागते, मग आठवण करावी लागते, मग भाचा व्हॉइस नोट पाठवतो, 'मॅडम, सर्व्हर स्लो'. घरच्या कामाला एकवेळ चालून जाईल, कंपनीच्या कामाला हे चालत नाही. एवढ्या वर्षांत कितीदा सांगितलं, सुधारणा शून्य. म्हणून तारा कापला.

भाच्याबद्दलही लिहायला हवं. मुलगा गुणी आहे पण फोनमध्ये डोकं. माझ्या मुलाच्या अर्जात त्याने जन्मतारखेतला दिवस आणि महिना उलटे घातले होते. इक्कांनी सबमिट करायच्या आधी पडद्यावर पट्टी ठेवून पकडलं. म्हणजे पट्टी पडद्यावरही चालते. अरबी नावाचंही तेच. पेडणेकरमधला 'प' अरबीत 'ब' होऊन येतो, त्याला इलाज नाही. पण जुन्या आयडीवर जसं लिहिलंय तसंच नव्या अर्जात उतरलं पाहिजे, यावर इक्कांचा कटाक्ष असतो. इक्का दुकानात नसतील त्या दिवशी मात्र काम देऊ नका. हज-उमऱ्याला किंवा गावी गेलेले असतात तेव्हा ते दुकान तीन ताऱ्यांचं होतं.

ॲप असताना सेंटर कशाला, हा प्रश्न मला नवऱ्याने विचारला. बरोबर आहे त्याचं. मुलाच्या मागच्या नूतनीकरणाला त्याने यूएई पासने, म्हणजे फोनवरच्या सरकारी ओळखीने, लॉगिन करून घरी बसून सगळं केलं आणि काहीही अडलं नाही. पासपोर्ट तोच, पत्ता तोच, नोकरी तीच, विमा चालू. असं असेल तर सेंटरला जाऊ नका, उगाच पैसे घालवू नका. हे मी इक्कांसमोर बोलले तर तेही मान डोलावतात. एक मात्र लक्षात ठेवा, कुटुंबाचा व्हिसा स्पॉन्सरच्या व्हिसाला बांधलेला असतो, त्यामुळे आधी त्याचं नूतनीकरण, मग बाकीच्यांचं. आणि दुबईत विम्याशिवाय रेसिडेन्सी पुढे सरकत नाही. कुटुंबाचा विमा काढणं स्पॉन्सरवर असतं, बहुतेक कंपन्या तो देत नाहीत. ही रक्कम व्हिसाच्या हिशेबात धरायला लोक विसरतात आणि मग ऐनवेळी उसनवारी.

पण काही बदललं असेल, म्हणजे नवा पासपोर्ट आला, नोकरी बदलली, बाळ इथेच जन्मलं, तर माणूस हवा. नोकरी बदलताना स्पॉन्सरचा व्हिसा रद्द होतो आणि बायकोमुलांचा तसाच लटकू नये म्हणून 'फॅमिली होल्ड' करून घ्यायचं असतं. आमच्या ओळखीतल्या एकाला त्याच्या जुन्या कंपनीने हे सांगितलंच नाही. त्याचा कॅन्सलेशनचा कागद सही व्हायच्या आदल्या संध्याकाळी इक्कांच्या नजरेस पडला, तोही दुसऱ्याच कामासाठी आला असताना. ॲपला प्रश्न विचारला की ते उत्तर देतं. न विचारलेल्या गोष्टीचं उत्तर देणारं ॲप मी तरी अजून पाहिलं नाही.

अशाच न विचारलेल्या गोष्टी ते आमच्या कामगारांनाही सांगतात. नोकरी गेल्यावरचा सरकारी विमा, आयलो म्हणतात तो, २०२३ पासून सक्तीचा आहे. मूळ पगार १६००० दिरहमपर्यंत असेल त्याला महिना फक्त ५ दिरहम. पण काढला नाही तर दंड ४०० दिरहम, आणि तो नवीन वर्क परमिटच्या वेळी आडवा येतो. आयडी संपून ३० दिवस उलटले की रोज २० दिरहम, १००० पर्यंत. व्हिसा संपून मुदतीबाहेर राहिलात तर रोज ५०. सुट्टीवर निघालेल्याला हटकून बजावतात: सहा महिन्यांच्या वर बाहेर राहू नको, रेसिडेन्सी मरते. गावी घर बांधायला म्हणून जातात आणि स्लॅब पडेपर्यंत थांबतात, असे दोघे-तिघे आमच्याच कंपनीत निघाले.

एक गोष्ट मला मनापासून आवडली ती त्यांच्या भिंतीवर लिहिलेली नाही. 'आझाद व्हिसा' मागायला आलेल्याला ते दारातूनच परत पाठवतात. आझाद म्हणजे कुणा स्पॉन्सरकडून नावापुरता व्हिसा विकत घ्यायचा आणि काम भलतीकडेच करायचं. दोन्हीकडून बेकायदा, आणि पकडला जातो तो विकत घेणारा. २०२४ च्या सप्टेंबरपासून वर्षअखेरीपर्यंत सरकारने माफीची मुदत दिली होती, तेव्हा व्हिसा संपून वर्षानुवर्षं लपून राहिलेली माणसं त्या काचेच्या दारातून आत येताना मी पाहिली. त्यात एक आपल्याकडचा होता, मराठी ऐकल्यावर तो माझ्याशी बोलेना, हिंदीतच बोलत राहिला. इक्कांनी त्याचा अर्ज टाइप केला, पैशांचं नाव काढलं नाही.

ज्यांची मुलं, भाऊ आता इकडे यायच्या तयारीत आहेत त्यांना इक्कांच्या दुकानाचा उपयोग नाही, पण त्यांच्याकडून ऐकलेलं आणि मी स्वतः वापरत असलेलं दोन ओळीत सांगते. इथल्या कायद्याने व्हिसाचा आणि भरतीचा खर्च मालकाने करायचा, तो कामगाराच्या पगारातून कापता येत नाही. पासपोर्टही मालकाने ठेवून घ्यायचा नाही. आणि भारतात नोंदणी असलेला भरती एजंट सेवेचे जास्तीत जास्त ३०,००० रुपये आणि वर जीएसटी घेऊ शकतो. दापोली-मंडणगडकडे दीड-दोन लाखांचे आकडे ऐकते तेव्हा हसावं की रडावं कळत नाही. दहावी नापास पोरांचा पासपोर्ट ईसीआर असतो, त्यांना यूएईत कामाला यायला एमिग्रेशन क्लिअरन्स, म्हणजे भारत सरकारचा होकार, लागतो. तो टाळायला 'आधी व्हिजिटवर ये, मग बदलू' सांगणारा एजंट भेटला तर उठून निघा.

दुकानात बसायला चार खुर्च्या, त्यातली एक डुगडुगते, तिच्यावर नवखेच बसतात. टोकन नाही, पण कोण कुणाच्या आधी आला हे इक्कांना पाठ असतं आणि मध्ये घुसणाऱ्याची गय नाही, मग तो अरब असो की आमचा मंदूब. मंदूबला हे फार लागतं. बायकांना आधी घेतात, त्याबद्दल मी तक्रार करणार नाही. मराठी एकच शब्द येतो, 'थांबा', आणि तो ते अगदी कोल्हापुरी ठसक्यात म्हणतात, कुठून उचलला देव जाणे. फाइल आमेरला त्यांचा माणूस रोज दुपारी नेतो, त्यामुळे सकाळी दिलेलं त्याच दिवशी जातं, चार वाजता दिलेलं दुसऱ्या दिवशी.

जायचं असेल तर सोमवार टाळा, गर्दी असते. शुक्रवारी सकाळी लवकर जा, नमाजाला बंद होतं ते संध्याकाळीच उघडतं. रमझानात फोन करून जा. फोटो पांढऱ्या पार्श्वभूमीवरचा आणि ताजा, गावच्या स्टुडिओने गोरा करून दिलेला चालत नाही. जुन्या आयडीची दोन्ही बाजूंची प्रत, इजारी, विम्याचा कागद आणि लग्नाचा दाखला असेल तर मूळ प्रतच न्या; मोबाइलमधला फोटो इक्का बघतसुद्धा नाहीत. पैसे रोख ठेवा. कार्डाचं मशीन आहे, पण ते निम्म्या वेळा चालत नाही आणि एटीएमसाठी रस्ता ओलांडून पेट्रोल पंपापर्यंत चालत जावं लागतं.